जुन्या संगीतपटांच्या सेट्सचे आणि त्यांच्या वस्तूंचे वेड मुंबई-पुण्यापासून दूर राहून जोपासता येते का?

आपला प्रश्न दुहेरी आहे: जुन्या संगीतपटांचे भव्य सेट आणि त्यांच्याशी निगडित वस्तू यांचे वेड मराठवाड्यात राहून जोपासता येते का, आणि मुळात जमवण्यासारखे काही उरले आहे का. मी परभणीत राहतो आणि हा नाद मला शाळकरी वयापासून आहे. माझे मत असे की, सेटचे अवशेष शोधत बसू नये, कागद शोधावा, म्हणजे गाण्यांच्या पुस्तिका आणि पोस्टर.

सेट टिकावा म्हणून कोणी बांधतच नाही. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड किंवा गोणपाट, वरून प्लास्टर ऑफ पॅरिस आणि रंग, तेही बहुधा कॅमेऱ्याला दिसेल तेवढ्याच बाजूला; चित्रीकरण आटोपले की पुढच्या चित्रपटासाठी जागा मोकळी करावी लागे. 'मुघल-ए-आझम'मधल्या (१९६०) शीशमहालाची गोष्ट आपण ऐकली असेलच. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत एम. के. सय्यद यांच्या कलादिग्दर्शनाखाली सुमारे दीडशे फूट लांब, ऐंशी फूट रुंद आणि पस्तीस फूट उंच असा तो महाल उभारायला जवळपास दोन वर्षे लागली, आणि तो उभा राहिल्यावर लक्षात आले की असंख्य आरशांत दिवे चमकत असल्यामुळे चित्रण करणेच कठीण आहे. दिग्दर्शक के. आसिफ यांनी काचांवर मेणाचा पातळ थर देऊन चकाकी मारली आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा प्रकाश थेट न टाकता कापडाच्या पट्ट्यांवरून परावर्तित करून घेतला. मला स्वतःला त्या महालाच्या थाटापेक्षा ही मेणाची युक्ती अधिक मोहवते. 'आवारा'मधल्या (१९५१) स्वप्नदृश्याचे तसेच आहे. कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकरांनी तिथे ढग, जिने आणि प्रचंड मूर्ती अशा रचल्या की सारा परिणाम केवळ काळ्या-पांढऱ्या छटांतून साधावा.

जे जपून ठेवले होते, त्यालाही दैवाने सोडले नाही. २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला लागलेल्या आगीत अनेक दशके सांभाळलेले पोशाख जळून गेले. त्यामुळे 'शीशमहालातली अस्सल काच' म्हणून कोणी काही विकू लागला, तर नम्रपणे नकार द्यावा. ती तिथलीच आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग ना विकणाऱ्याकडे असतो, ना आपल्याकडे.

कागदाच्या बाबतीत मात्र मराठवाडा गरीब नाही. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांत हिंदीबरोबर बऱ्याचदा उर्दू मजकूरही असे, आणि निजामी राजवटीत उर्दूतून शिकलेली पिढी आपल्याकडे घरोघरी होती. त्या घरांच्या माळ्यांवर, जुन्या ट्रंकांत आणि रद्दीच्या दुकानांत या पुस्तिका अजूनही निघतात. जत्रांमध्ये तंबूतले टुरिंग टॉकीज चालवणाऱ्यांच्या घरीही पोस्टर सापडतात; तिथे घासाघीस न करता बसून बोलावे, कारण पोस्टरइतकीच त्यांची माहिती मोलाची असते.

पोस्टरवर घड्या दिसल्या म्हणून नाक मुरडू नये. त्या काळी पोस्टर घडी घालूनच धाडत, त्यामुळे कोऱ्या करकरीत, बिनघडीच्या 'जुन्या' पोस्टरविषयीच मी आधी शंका घेतो. पुस्तिकेच्या पिना गंजलेल्या असतील आणि तो गंज कागदात उतरला असेल, तर ते बरे लक्षण समजावे. लॅमिनेशन मात्र कधीही करू नये आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. आपल्याकडे खरे शत्रू दोन, वाळवी आणि उन्हाळा. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या ग्रामोफोन तबकड्या मे महिन्यात वाकतात, म्हणून त्या उभ्या आणि घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवाव्यात.

प्रत्यक्ष जागा पाहायची असेल, तर पुण्याला जावे. प्रभात ही चित्रपट कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून तिथे आली आणि तिच्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. मुंबईत गुलशन महालातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पाहावे. मात्र निघण्यापूर्वी दोन्हीकडच्या वेळा आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्यावेत.