५ कोंबड्यांमध्ये १ तरणा कोंबडा आहे, खूप त्रास देतोय, ठेवू की देऊन टाकू?

तुम्ही लिहिलंय की एकत्र वाढवलेल्या ६ पिल्लांमधलं एक कोंबडा निघालं, आता साडेचार महिन्यांचा आहे, दिवसभर तलंगांच्या (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांच्या) मागे लागतो, मानेची पिसं धरून ओढतो, त्या बिचाऱ्या ओरडत खुराड्यात जाऊन बसतात आणि परवा त्याने तुमच्या मुलीच्या पायावर उडी मारली. माझं मत विचाराल तर देऊन टाकायची घाई करू नका, पण आजच्या आज त्याला जाळी लावून वेगळा करा. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कोंबड्यांच्या मागे धावणं हा वयाचा भाग असतो, माणसावर धावणं हा बऱ्याचदा स्वभावाचा भाग असतो. दोन्ही एकत्र करून निर्णय घेतला तर चुकतो.

आधी कोंबड्यांचं बघू. नर ४-५ महिन्यांत वयात येतो, तलंगा त्याच्या मागून येतात, ५-६ महिने, काही जातींत त्याहून उशिरा. म्हणजे सध्या तुमच्याकडे एकटा तो तयार आहे आणि त्या पाचही जणी अजून लहान आहेत. त्या मिलनासाठी खाली बसत नाहीत म्हणून तो पळवतो, पकडतो, पिसं उपटतो. त्यातून सगळे एकाच वयाचे, त्याला आवरणारं मोठं कुणी नाही. ज्या कळपात २-३ वर्षांच्या जुन्या कोंबड्या असतात तिथे असल्या पोराला पहिल्याच आठवड्यात चोची खाव्या लागतात आणि तो सुधारतो, कारण जुनी कोंबडी मनात नसेल तर जवळ येऊ देत नाही. आधी पंख पाडून गोल नाच, खाणं दाखवून बोलावणं, मग पुढचं, या वाटेने जायचं वळण त्याला तिच्याकडून लागतं. तुमच्याकडे ही शाळाच नाही, म्हणून तो नालायक आहे असं आत्ताच ठरवू नका.

माझा आत्ताचा कोंबडा त्या वयात अगदी असाच होता. काळी नावाची कोंबडी आहे माझी, तिची पाठ पार उघडी पडली होती, कातडी लाल दिसायची, ती खाली उतरायचीच बंद झाली, मी तिला वर आढ्यावर दाणापाणी द्यायचो. शेवटी त्याला जाळीपलीकडे ठेवला, जवळपास अडीच महिने. एकमेकांना दिसायचे, आवाज ऐकायचे, पण हात लावता यायचा नाही. तेवढ्यात तलंगांचे तुरे लालभडक झाले, अंडी सुरू झाली आणि पाठीवर हात ठेवला की त्या पंख जरा पसरून खाली बसायला लागल्या. ही खूण लक्षात ठेवा, तोपर्यंत सोडू नका. मग त्याला पहिल्यांदा दोन जुन्या कोंबड्यांबरोबर सोडला, त्यातल्या मोठीने त्याला अख्खं आवार पळवलं, आठवडाभर तो कोपऱ्यातच उभा असायचा. आज तो दीड वर्षांचा आहे आणि किडा सापडला तर स्वतः खात नाही, टुक टुक करून चोचीने उचलतो, खाली टाकतो, कोंबड्या येईपर्यंत थांबतो. वर घार दिसली की एक लांब किंचाळी, मांजर-कुत्रं दिसलं की वेगळी, तुटक कटाक कटाक ओरड, आणि कोंबड्या त्या आवाजाप्रमाणे वेगवेगळं वागतात, घारीला दडून बसतात आणि कुत्र्याला माना वर करून बघतात. मला हे बघताना अजूनही भारी वाटतं. पाचव्या महिन्यात देऊन टाकला असता तर हे कधी दिसलंच नसतं.

आता मुलीच्या पायावरची उडी. हे हलक्यात घेऊ नका. माझा ह्याच्या आधीचा कोंबडा माणसांवर यायचा, मी म्हणायचो होईल शांत, वयाचं आहे, असं करत सात महिने काढले. एक दिवस माझ्या पुतण्याच्या गालावर, डोळ्याच्या जेमतेम खाली, पायामागचा काटा लागला. डोळा वाचला पण ती माझी चूक होती आणि अजून वाईट वाटतं. त्यामुळे आता नियम सरळ आहे, एकदा उडी मारली तर शिकवायचं, शिकवूनही महिना-दीड महिन्यात परत परत आला तर तो लहान मुलांच्या घरात राहणार नाही. आणि असल्या नराची अंडी उबवायला पण ठेवू नका, हा स्वभाव पिल्लांत उतरू शकतो.

शिकवायचं म्हणजे मारायचं नाही. लाथ मारली की त्याला वाटतं हा पण कोंबडाच आहे, चला भांडू, आणि दुसऱ्या दिवशी जास्त जोरात येतो. घाबरून मागे पळालात तरी तो जिंकला. तिरका होऊन, एक पंख खाली सोडून तुमच्या बाजूने सरकायला लागला की तेव्हाच, उडी मारायच्या आधी, सावकाश सरळ त्याच्या दिशेने चालायचं, तो बाजूला होईपर्यंत. लांब पँट आणि गमबूट घालून जा म्हणजे तुम्ही दचकणार नाही. तरी आला तर उचलून काखेत घ्या, पंख दाबून धरा, ओरडू नका, अंग सैल सोडेपर्यंत तसंच फिरा, मग खाली ठेवा. दाणा टाकताना तो मागे सरकल्यावरच टाकायचा. आणि नराच्या पिल्लाला हातावर घेऊन लाडाने वाढवलेलं असेल तर तो माणसाला जास्तच बिनधास्त होतो, भीती आणि आदर दोन्ही राहत नाही, पुढच्या वेळी हे सांभाळा.

पाच कोंबड्या कमी पडतात हे मात्र खरंय. साधारण ८-१० माद्यांमागे एक नर धरतात. पाचात जमतं, माझ्याकडे सध्या सहाच आहेत, पण जागा हवी, खुराड्यात प्रत्येकी निदान ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला १०, दाणापाणी दोन ठिकाणी, आणि आडोसे, एखादी फळी, झुडूप, उंच दांडी, जिथे कोंबडी त्याच्या नजरेआड जाऊ शकेल. त्याची एक आवडती असते, सगळा भार तिच्यावरच येतो, दर आठवड्याला तिची पाठ आणि पंखांखाली बघत जा. पिसं गेली असतील तर पाठीला जाड कापडाचं झूल बांधतात, उपयोग होतो, फक्त खाली उवा-पिसवा झाल्यात का ते बघत राहायचं.

खाण्याचं थोडक्यात. सगळ्यांना लेयर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) चालू केलं असेल तर थांबा, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, अंडी न देणाऱ्याला ते नको असतं, वाढत्या वयात किडनीवर येतं. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या वयाचं खाद्य) ठेवा आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, जिला हवा ती खाईल.

अंड्यांसाठी कोंबडा लागतो का असंही विचारलंय तुम्ही. नाही लागत. पिल्लं हवी असतील तरच. फलित अंडं खायला काही हरकत नाही, रोज उचललं, थंड जागी ठेवलं तर आत काही वाढत नाही, पिल्लाला २१ दिवस सतत ऊब लागते. आणि नर काढून टाकल्यावरही साधारण दोन आठवडे फलित अंडी येऊ शकतात हे पण माहिती असू द्या.

आरवण्यावर मात्र माझ्याकडे चांगली बातमी नाही. खुराडं काळोखं केलं की गप्प बसेल असं सांगतात लोक, पण २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवून बघितले, तरी ते पहाटेच्या सुमारालाच आरवत होते, घड्याळ त्यांच्या आतच असतं. जाड भिंतीच्या खुराड्याने आवाज थोडा दबतो, इतकंच. गळ्याला पट्टा बांधायचा प्रकार करू नका, श्वास अडकून मेलेले ऐकलेत मी. शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून घ्या, त्यांना अजिबात चालणार नसेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

तर जाळी आज लावा. तलंगा बसायला लागल्या की आधी संध्याकाळी तासभर तुमच्यासमोर सोडा, मग हळूहळू वाढवा. कुठून एक-दोन जुन्या कोंबड्या मिळाल्या तर फारच छान, फक्त महिनाभर वेगळ्या ठेवून आजार नाही ना बघून मग मिसळा. मुलीचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण ५-६ वर्षांची असेल तर तिचा चेहरा त्याच्या उडीच्या टप्प्यात येतो, तिला सध्या जाळीबाहेरूनच दाणे टाकू द्या, आत एकटी अजिबात नको.