उत्तर: रजिस्टरवर ४१२ सभासद, उपासनेला ९० माणसे, मोठे सभागृह घ्यावे का?

ताई, ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

आपण लिहिले आहे की ऐरोलीतील आपल्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रजिस्टरवर ४१२ सभासद आहेत, साडेसातची आणि दहाची अशा दोन्ही उपासना मिळून रविवारी ९०च्या आसपास माणसे येतात, आणि या दोन उपासना एकत्र करून एका शाळेचे मोठे सभागृह भाड्याने घ्यावे असे कमिटीच्या मनात आहे. मंडळी मोठी दिसू लागली की घरी बसलेले सभासद परत येतात का, हा आपला प्रश्न आहे. आपले लिखाण मी दोनदा वाचले, कारण २०१३ साली नेरूळमध्ये आमच्या कमिटीने हाच ठराव जवळजवळ याच शब्दांत केला होता आणि त्याखाली सचिव म्हणून माझी सही आहे.

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही, आयुष्यभर हिशेबाचे काम केले आहे. त्यामुळे जे लिहितो आहे ते एका मंडळीचा अनुभव आणि त्यानंतर केलेले थोडे वाचन एवढ्याच आधारावर, हे धरून वाचावे.

आमच्या रजिस्टरवर तेव्हा ६४० नावे होती. साडेसातच्या उपासनेला साधारण ७० आणि दहाच्या उपासनेला ९५ माणसे येत. पाळकसाहेब एकटेच होते, दोन उपासनांनी त्यांची दमछाक होत होती, आणि ६४० जणांचा कळप दोन छोट्या खोल्यांत विखुरलेला बरा दिसत नाही असे आम्हा सर्वांनाच मनापासून वाटत होते. ५०० खुर्च्यांचे सभागृह ११ महिन्यांच्या कराराने घेतले, अनामत रक्कम भरली, ध्वनियंत्रणा विकत घेतली. पहिल्या रविवारी २१० माणसे आली आणि उपकारस्तुतीच्या वेळी माझ्यासह कित्येकांचे डोळे भरून आले. तीन महिन्यांनी आकडा १५०वर होता. वर्ष पुरे झाले तेव्हा १२०च्या वर जाईना.

आधीचे १६५ आणि नंतरचे १२०, म्हणजे ४५ माणसे कमी झाली. कोणी भांडून गेले नव्हते, कोणी दुसऱ्या मंडळीत नाव घातले नव्हते. मी जुन्या वह्या काढून नावे जुळवत बसलो तेव्हा जे दिसले ते आधी दिसले असते तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते. न येणाऱ्यांपैकी बहुतेक जण साडेसातच्या उपासनेत कुठले ना कुठले काम करणारे होते. पहाटे येऊन कुलूप उघडणारे आणि सतरंज्या अंथरणारे एक काका होते; पेटी वाजवणारा एक रिक्षाचालक बंधू होता; फळ्यावर गीतांचे क्रमांक लिहिणारा नववीतला मुलगा होता; शास्त्रवाचन करणाऱ्या, दानाची पिशवी फिरवणाऱ्या, उपासनेनंतर चहा करणाऱ्या भगिनी होत्या. दहाच्या उपासनेत या प्रत्येक कामाला आधीच कोणीतरी होते. दोन उपासनांची एक झाली तेव्हा कामे निम्म्यावर आली, माणसे मात्र तेवढीच राहिली, आणि ज्यांच्या हातातले काम गेले त्यांना कोणी विचारलेसुद्धा नाही. चहा करणाऱ्या मावशींना भेटायला मी कोपरखैरण्याला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यावाचून काही अडत नाही असं दिसलं, आणि मग रविवारी घरातून पाय निघेना." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणे अधिक जड गेले.

नंतर वाचताना कळले की ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी मांडून ठेवली आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्कर यांनी कॅन्ससमधील लहानमोठ्या शाळांचा अभ्यास करून १९६४ साली दाखवले की लहान शाळेत कार्यक्रमांच्या मानाने मुले कमी असतात, म्हणून प्रत्येक मुलाच्या वाट्याला जबाबदारी येते. मोठ्या शाळेत कार्यक्रम अधिक असले तरी मुले त्याहून कितीतरी अधिक असतात आणि बरीचशी नुसती बघत राहतात. अ‍ॅलन विकर यांनी १९६९ साली हाच विचार चर्चला लावून पाहिला, आणि लहान मंडळीतील सभासद अधिक नियमित येतात, अधिक देतात व अधिक जबाबदाऱ्या उचलतात असे त्यांना आढळले. अलीकडे, २०१६ साली, डेव्हिड ईगल यांनी अमेरिकेतील पाहणीच्या आकड्यांवरून हेच पुन्हा तपासले: मंडळी जितकी मोठी, तितकी तिच्यातील एखादी व्यक्ती दर आठवड्याला उपासनेला येण्याची शक्यता कमी.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. हे सर्व अमेरिकेतले आहे, आणि आकार हेच कारण आहे असे त्यातून सिद्ध होतेच असे नाही. ज्यांना मागच्या बाकावर बसून, कोणाशी न बोलता, सवडीने यायचे असते ती माणसे मोठी मंडळीच निवडत असतील, हेही तितकेच शक्य आहे. शिवाय प्रमाण घटते म्हणजे संख्या घटते असे नव्हे. मोठ्या मंडळीत एकूण माणसे जास्तच असतात. पण आपला प्रश्न घरी बसलेले सभासद परत आणण्याचा आहे, आणि त्यासाठी आकार वाढवणे हा उपाय मला उलट दिशेचा वाटतो.

आपल्या कमिटीत कोणीतरी नक्की म्हणेल की सगळीकडे मोठ्याच मंडळ्या वाढत आहेत. तसे भासते खरे, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क चेव्हज यांच्या पाहणीत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मंडळ्या शंभर माणसांच्याही आतल्या निघाल्या, पण सर्वांत मोठ्या दहाव्या हिश्श्यातच एकूण उपासकांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे सापडली. म्हणजे मंडळ्या मोजल्या तर बहुतेक लहान, आणि माणसांना विचारले तर त्यांतली पुष्कळशी मोठ्या मंडळीतली. त्यामुळे आपल्या ओळखीत सगळे मोठ्या चर्चला जाणारेच भेटतात आणि ९० माणसांची मंडळी म्हणजे काहीतरी उणे आहे असे उगाच वाटू लागते. नव्वद म्हणजे उणे नाही.

आता रजिस्टरविषयी, कारण आमची सगळी फसगत तिथून सुरू झाली. ६४० हा आकडा खोटा आहे हे आम्हाला २०११ सालीच ठाऊक होते. घरोघर फिरून आम्ही पडताळणी केली तेव्हा ८३ जण एकतर प्रभूमध्ये निजलेले किंवा कायमचे दुसरीकडे गेलेले निघाले आणि १४०हून अधिक जणांचा पत्ताच लागला नाही. ही नावे कमी करण्याची परवानगी आम्ही वरच्या एका कार्यालयाकडे मागितली. (कोणते ते लिहीत नाही, आणि कृपया कोणी तर्कही करू नये.) त्या कार्यालयाला द्यायची वार्षिक रक्कम रजिस्टरवरील माणशी ठरत असे, त्यामुळे नाव वाढवायला एक अर्ज पुरत असे, पण कमी करायला प्रत्येक नावामागे जिथे ती व्यक्ती गेली त्या मंडळीचा स्वीकृतीचा दाखला लागत असे. मस्कतला गेलेल्या कुटुंबाचा दाखला आम्ही कुठून आणायचा? नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वीस वर्षांपूर्वी मातीआड झालेल्या आजींच्या मृत्यूचा दाखला मागितला गेला. आमची फाईल गहाळ झाली, तीन प्रतींत पुन्हा मागवली गेली, आणि मंजुरी आली ती २०१४ साली. तोवर मेलेल्यांची आणि गेलेल्यांची रक्कम आम्ही जिवंत माणसांच्या दानातून भरत राहिलो. नियमावलीप्रमाणे वार्षिक सभेची गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश, म्हणजे १६०, अशी होती. ती एकदाही भरली नाही आणि दर वर्षी सभा तहकूब करून पुन्हा घ्यावी लागली. सर्वांत वाईट हे झाले की त्या मधल्या काळात सभागृहाचा निर्णय आम्ही त्याच ६४०च्या आधारावर घेतला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून आपल्याला आग्रहाने सांगतो: वरून मंजुरी येवो न येवो, कमिटीच्या कामासाठी स्वतःची वेगळी वही ठेवा आणि तिच्यात तीन आकडे वेगवेगळे लिहा. पहिला रजिस्टरवरील सभासदांचा. दुसरा रविवारच्या सरासरी उपस्थितीचा. तिसरा, जो बहुतेक मंडळ्या लिहीतच नाहीत, तो महिनाभरात एकदा तरी आलेल्या वेगवेगळ्या माणसांचा. आमचा तिसरा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा १२० उपस्थितीच्या मागे २३० माणसे निघाली, कारण पाळीवर काम करणाऱ्या परिचारिका, मॉलमध्ये आणि हॉटेलांत नोकरी करणारी तरुण मुले महिन्यातून दोनदाच येऊ शकत होती. त्यांना आम्ही गैरहजर समजत होतो. त्यांना जमेल तितकी ती नियमित येत होती.

मोजणीविषयी थोडे. नाताळ, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) धरू नयेत, आणि मे महिनाही धरू नये, कारण निम्मी मंडळी गावी असते. चर्च ऑफ इंग्लंड ऑक्टोबरमधील चार आठवड्यांची मोजणी करते, आणि हा महिना आपल्यालाही सोयीचा आहे. फक्त दिवाळी त्यात येते का ते पाहून घ्यावे. उपदेश सुरू झाल्यावर मागे उभे राहून मोजावे, लहान मुले वेगळी लिहावीत. कोण किती वेळा येतो हे तोंडी विचारून ठरवू नये: हॅडवे, मार्लर आणि चेव्हज यांनी १९९३ साली दाखवले होते की पाहणीत दर आठवड्याला चर्चला जातो म्हणणाऱ्यांच्या मानाने प्रत्यक्ष उपस्थिती निम्मीच भरते. माणसे मुद्दाम खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. आपण कसे असावे याचे उत्तर ती देतात.

साडेसातच्या उपासनेविषयी आणखी एक गोष्ट, जी नवी मुंबईत राहणाऱ्यालाच कळेल. रविवारी मेगाब्लॉक (रेल्वेच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असला की तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होतो. घणसोली, तुर्भे किंवा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने येणारा माणूस साडेसातची उपासना करून ब्लॉकच्या आधी घरी पोहोचतो. दहाच्या उपासनेचा माणूस परतीच्या वाटेवर अडकतो, आणि दोनतीनदा अडकला की म्हातारी माणसे येणे सोडतात. उपासना एकत्र करताना आम्ही याचा विचार केला नव्हता.

पाळकांचा भार खरा आहे, तो मी नाकारत नाही. आर्लिन रॉथॉज यांनी १९८३ साली मंडळ्यांचे जे आकारवार वर्ग पाडले, त्यांत सुमारे ५० ते १५० सक्रिय सभासदांची मंडळी ही एका पाळकाभोवती उभी राहणारी मानली आहे. त्यापुढे एकट्या पाळकाला प्रत्येक घर ओळखणे जमत नाही आणि इतरांनी जबाबदारी घ्यावी लागते. आपण ९० आहात, म्हणजे या मर्यादेच्या पुष्कळ आत आहात. महिन्यातून दोन रविवारी साडेसातची उपासना मंडळीच्या वडिलांपैकी (निवडलेल्या ज्येष्ठ सेवकांपैकी) कोणी चालवली तर पाळकसाहेबांना विसावा मिळेल आणि आणखी दोघातिघांच्या हाती काम येईल. आपल्या संप्रदायात प्रभुभोजनाचे नियम काय आहेत ते मात्र त्यांनाच विचारावे, त्यात मी बोलणे योग्य नाही. कॅथलिक बंधुभगिनींची रचना वेगळी आहे. तिथे धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चखालचा भाग) हद्दीवरून ठरतो आणि आपोआप मोठा होतो. पण त्यांच्याकडेही एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या वेळांना आणि भाषांत मिस्सा (उपासना) असतात आणि वस्तीवस्तीत लघु ख्रिस्ती समुदाय भरतात, हे आपल्या कमिटीने लक्षात घ्यावे.

तेव्हा ठराव मांडण्याआधी एक काम करा. साडेसातच्या उपासनेत कोण काय करते याची यादी काढा, कुलूप उघडण्यापासून चपला नीट लावण्यापर्यंत, आणि प्रत्येक नावापुढे लिहा की उपासना एकत्र झाल्यावर ही व्यक्ती काय करणार. ज्या नावापुढे काही लिहिता येणार नाही ते नाव कमिटीसमोर मोठ्याने वाचा. आम्ही २०१६ साली सभागृह सोडले आणि कोपरखैरण्यात एका सोसायटीच्या खोलीत साडेसातची उपासना ३१ माणसांनिशी पुन्हा सुरू केली. काका सतरंज्या घेऊन आले, मावशींनी चहा केला. पेटी वाजवणारा बंधू मात्र परत आला नाही. तीन वेळा त्याच्या घरी गेलो, त्याने प्रेमाने बसवून घेतले, पेटी विकून टाकल्याचे सांगितले, आणि पुढे बोलण्यासारखे आमच्यापाशी काही उरले नव्हते.