बढती मिळाली, पण बिऱ्हाड हलवायचे का?

एप्रिल-मे हा बढत्यांच्या याद्यांचा आणि त्यांच्या मागोमाग निघणाऱ्या बदल्यांच्या आदेशांचा हंगाम असल्यामुळे या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. मनुष्यबळ विभागात बरीच वर्षे बदल्यांच्या फायली हाताळताना दिसलेली एक गोष्ट आधीच सांगते. ‘जायचे’ किंवा ‘नाही जायचे’ असे एकदाचे ठरवल्यामुळे कुटुंब अडचणीत आले, असे क्वचितच घडते. ‘तुम्ही पुढे व्हा, आमचे नंतर बघू’ असे म्हणून, तारीख न ठरवता मांडलेली दोन बिऱ्हाडे मात्र वर्षानुवर्षे तशीच रेंगाळतात आणि त्यांचा खर्च कोणीच धरलेला नसतो.

प्रश्न : मी सांगलीत एका राष्ट्रीयीकृत बँकेत स्केल टू (दुसऱ्या श्रेणीचा) अधिकारी आहे. स्केल थ्रीची बढती झाली असून नेमणूक रायपूरला आहे. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तर मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत दहावीत गेली आहे. घरचे म्हणतात, बढती नाकारा. काय करावे?

उत्तर : आपल्या घरात दोन प्रश्न एकत्र झाले आहेत, ते आधी वेगळे करू. बढती घ्यायची की नाही, हा एक प्रश्न आणि घर हलवायचे की नाही, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर या वर्षापुरते तरी ठरलेलेच आहे, कारण दहावीच्या वर्षात मुलीची शाळा, मंडळ आणि माध्यम बदलणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. शिवाय केंद्रीय मंडळाच्या शाळांत नववी-दहावी हा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम मानतात. पालकांची बदली हे थेट दहावीत प्रवेश देण्याचे मान्य कारण असले तरी असा प्रवेश घेणाऱ्या मुलांची दमछाक होते.

पत्नीच्या नोकरीबाबत एक सूचना ठामपणे करते : राजीनाम्याचा विषय घरात काढूच नका. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आंतरजिल्हा बदली मागता येते. पण राज्याबाहेर त्यांच्यासाठी पदच नसते. राजीनामा दिला की निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी मागची सेवा गमावली जाते, आणि त्यांची नियुक्ती 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची असून त्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेत असतील तर हे नुकसान आपल्या स्केल थ्रीच्या पगारवाढीतून भरून निघणारे नाही. त्यांना खरोखरच नोकरी सोडायची असेल, तर 20 वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा पूर्ण करून स्वेच्छानिवृत्ती घेणे हा मार्ग आहे. तोवर महिला कर्मचाऱ्यांसाठी असलेली 180 दिवसांची बालसंगोपन रजा दहावीच्या परीक्षेच्या सुमारास काही दिवस वापरता येईल का, याची चौकशी त्यांनी आतापासूनच कार्यालयात करून ठेवावी.

आता बढतीविषयी. केंद्र सरकारच्या खात्यांत बढती नाकारल्यास सर्वसाधारणपणे एक वर्ष ती पुन्हा देऊ केली जात नाही. बँकांचे नियम त्यांच्या त्यांच्या बढती धोरणात असतात आणि काही ठिकाणी हा खंड अधिक मोठा असतो, म्हणून आपल्या बँकेचे धोरण शाखेतील ऐकीव माहितीवर न सोडता प्रत्यक्ष वाचा. माझा कौल बढती घेण्याकडे आहे. पुढच्या स्केलसाठी स्पर्धा वाढते, वय वाढते, आणि परराज्यातील नेमणूक आज टळली तरी पुढच्या बढतीच्या वेळी ती मुलीच्या बारावीच्या वर्षात येऊन उभी राहू शकते.

तेव्हा या वर्षी एकट्याने रुजू व्हावे आणि जाण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. विनंती बदलीसाठी रायपूरला किमान किती काळ काढावा लागेल? सांगलीचे घर बँकेने भाड्याने घेतलेले असेल तर कुटुंबासाठी ते किती महिने ठेवता येईल? आणि शाळा सुरू झाल्यानंतर रुजू व्हावे लागले तर शैक्षणिक वर्षाच्या मध्यात होणाऱ्या बदलीसाठीचा भत्ता आपल्याला लागू होतो का? हा भत्ता बँक अधिकाऱ्यांच्या वेतन करारात असतो, तरीही तो मागायचे अनेक जण विसरतात. अंतराचाही अंदाज घ्या. महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगलीहून गोंदियापर्यंत नेते, पण त्यातच एक दिवसाहून अधिक वेळ जातो आणि पुढे रायपूरची गाडी धरावी लागते. शनिवार-रविवार घरी येणे हा विचार त्यामुळे मनातून काढून टाका. महिन्या-दीड महिन्यातून एकदा रजा जोडून येणे आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी फोनवर मुलीच्या भूमितीच्या वहीत डोकावणे, एवढेच जमेल. मार्चमध्ये परीक्षा संपेल. मुलगी अकरावी कुठे करणार, याचा निर्णय त्याच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी बसून घ्यावा आणि त्याची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहावी.

प्रश्न : पुण्यातील खासगी कंपनीने मला बढती देऊन बेंगळुरूला बोलावले आहे. हातात येणारा पगार दरमहा 38,000 रुपयांनी वाढेल. पत्नीलाही पुण्यात नोकरी आहे, तिच्या हातात 62,000 येतात. स्वतःच्या फ्लॅटचे 26,000 भाडे येऊ शकेल. बेंगळुरूत मेंटेनन्ससह 48,000 भाडे द्यावे लागेल. मुलगा आठवी झाला असून त्याला डॉक्टर व्हायचे आहे. कंपनी पंधरा दिवसांत उत्तर मागते आहे.

उत्तर : आकडे दिलेत, हे फार बरे केले. पगारवाढ 38,000, त्यात पुण्याचे भाडे 26,000, त्यातून बेंगळुरूचे भाडे 48,000 वजा केले, तर दरमहा शिल्लक 16,000. पत्नीला नवी नोकरी मिळेपर्यंत यातून 62,000 वजा होतील, म्हणजे महिन्याला 46,000 ची तूट. शोधाला सहा महिने लागले, तर ती 2,76,000 होते. त्यानंतर त्यांना पूर्वीइतकाच पगार मिळाला, तरी ही रक्कम 16,000 च्या हप्त्यांनी भरून निघायला सतरा-अठरा महिने लागतात. याचा अर्थ पहिली दोन वर्षे ही बढती पैशांत शून्य आहे, आणि यात सामानाची वाहतूक, शाळांचे प्रवेश शुल्क व घराचे डिपॉझिट धरलेलेच नाही. बेंगळुरूत पूर्वी दहा महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट घेण्याची रीत होती. आता ते कमी झाले असले तरी पुण्याच्या सवयीने पाहणाऱ्याला ते जड वाटते. कराचेही एक पाहून घ्या. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही. मात्र पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिल्यावर त्याच्या कर्जाचे व्याज त्या भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येते.

पण माझ्या मते या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटून दुसरी आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. मंडळ कोणतेही चालते, पण शाळा महाराष्ट्रात हवी. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही ठरावीक परिस्थितीत यातून सवलत असते. खासगी कंपनीतील बदलीला ती नाही. दुसरीकडे, कर्नाटकच्या कोट्याचा सर्वसाधारण निकष पहिली ते बारावीपैकी किमान 7 वर्षे त्या राज्यात शिक्षण असा आहे. नववीपासून तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलाची चारच वर्षे भरतील. तो धड इथला राहणार नाही, धड तिथला होणार नाही. त्याच्या हाती उरतील त्या अखिल भारतीय कोट्याच्या 15 टक्के जागा, एम्ससारख्या केंद्रीय संस्था आणि भरमसाट शुल्काच्या खासगी जागा.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलासाठी हेच चित्र बरेच सौम्य असते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशाचे अधिवासाचे नियम इतके कडक नाहीत. एनआयटी म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा ज्या राज्यात बारावी झाली त्या राज्याच्या धरल्या जातात, त्यामुळे बेंगळुरूत बारावी केलेल्याला नागपूरऐवजी कर्नाटकातील सुरतकलच्या एनआयटीत गृहराज्याचा लाभ मिळतो. हा काही तोट्याचा सौदा नव्हे.

तेव्हा मुलाशी आधी बोला. आठवीतल्या मुलाचे ‘डॉक्टर व्हायचे आहे’ हे शब्दशः घ्यावे असे नाही, पण झटकूनही टाकू नये. विज्ञानाच्या पुस्तकात तो स्वतःहून किती रमतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्याचा कल पक्का दिसत असेल, तर कुटुंब पुण्यात आणि आपण बेंगळुरूत असे चार वर्षे राहण्याचा विचार करू नका. चार वर्षे ही तात्पुरती सोय नसते, वडिलांविना गेलेले मुलाचे पौगंडवय असते. अशा वेळी कंपनीला सरळ विचारा की हे पद पुण्यात राहून, महिन्यातला एक आठवडा बेंगळुरूला जाऊन सांभाळता येईल का. बढती आणि स्थलांतर ही कंपनीच्या पत्रात एका वाक्यात असली तरी प्रत्यक्षात ती पुष्कळदा वेगळी करता येतात, पण ते आपल्यालाच मागावे लागते. उत्तर ‘नाही’ आले, तर आपल्या जागी मी नकार देईन. मुलाचा कल वैद्यकीयकडे नसेल, तर पत्नीच्या हाती बेंगळुरूची नोकरी येताच सर्वांनी मिळून जावे. त्या शोधाला मुदत घाला, आणि नववी सुरू होण्यापूर्वी जाणे जमले तर कन्नडची नवी लिपी शिकायलाही मुलाला थोडी उसंत मिळेल.

प्रश्न : मी नाशिकला केंद्र सरकारच्या मालकीच्या कंपनीत आहे. मला दिल्लीत बढती मिळते आहे. पतीचा दातांचा दवाखाना इथे दहा वर्षांत उभा राहिला आहे. मुलगी पाच वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात, बायकोच्या नोकरीसाठी कोणी घर हलवते का?

उत्तर : सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देण्यात शक्ती घालवू नका. बढती पतीची असती आणि दवाखाना आपला असता, तरीही अडचण हीच राहिली असती : दवाखाना ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. खुर्ची आणि क्ष-किरण यंत्र नेता येईल, दिल्लीच्या दंत परिषदेकडे नोंदणीही होईल. दहा वर्षांत जमवलेले रुग्ण मात्र पंचवटीतच राहतील. पती-पत्नीला एकाच ठिकाणी नेमण्याविषयी केंद्राने 2009 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना मुख्यतः दोघेही सरकारी सेवेत असणाऱ्यांसाठी आहेत, त्यांचा येथे उपयोग नाही.

दिल्लीचा कार्यकाळ किती, हे मात्र पक्के विचारा. तो दोन-तीन वर्षांचा असेल आणि परत पश्चिम विभागात येण्याची धोरणात तरतूद असेल, तर मुलीला घेऊन आपण जावे आणि पतीने दवाखाना चालू ठेवावा, असे मला वाटते. या वयातली मुलगी शाळा बदलल्याने फारसे काही गमावत नाही. पहिलीत प्रवेशासाठी 31 मार्चला सहा वर्षे पूर्ण लागतात. केंद्रीय विद्यालयाच्या प्राधान्यक्रमात आपल्यासारख्या उपक्रमांतील कर्मचाऱ्यांच्या मुलांना स्थान आहे आणि त्यात मागील 7 वर्षांत झालेल्या बदल्या मोजल्या जातात, म्हणून बदलीचे आदेश जपून ठेवा. पतीने महिन्यातून चार दिवस दवाखाना बंद ठेवून दिल्लीला येण्याचे वेळापत्रक आधीच लावावे. सासूबाईंना दोन महिने नातीकडे राहायला बोलवा. विरोध करणाऱ्या माणसाला कामाला लावले की विरोध पुष्कळ उतरतो.

आणखी एक. स्त्री अधिकाऱ्याने एकदा घरच्या कारणासाठी बढती नाकारली, की पुढच्या वेळी ‘त्यांना जमणार नाही’ असे वरिष्ठ परस्परच ठरवून टाकतात. हे मी फायलींच्या या बाजूने पाहिले आहे. नकार द्यायचाच झाला, तर तो या नेमणुकीपुरता आहे असे लेखी नोंदवा.

प्रश्न : ठाण्याहून हैदराबादला बढतीवर जायचे आहे. वडील 79 वर्षांचे, आई 74 वर्षांची असून तिला कंपवात आहे. त्यांना न्यावे की ठाण्यातच ठेवावे? धाकटा भाऊ कल्याणला असतो.

उत्तर : दोघांना विचारलेत का? पत्रात तसे कुठे दिसत नाही. वडिलांचा संध्याकाळचा कट्टा आणि आईची नेहमीची मदतनीस बाई या गोष्टी औषधांइतक्याच महत्त्वाच्या असतात. कंपवात असलेल्या व्यक्तीला अनोळखी घरात पडण्याचा धोका अधिक असतो. ठाण्याच्या घरी रात्री न्हाणीघरापर्यंतची पावले आईला सवयीची आहेत, नव्या घरी ती पुन्हा बसवावी लागतील. न्यायचे ठरवलेत, तर लिफ्टची इमारत, न्हाणीघरात आधाराचे दांडे आणि आधी ठरवलेला मेंदूविकारतज्ज्ञ या तिन्हींची सोय होईपर्यंत त्यांना हलवू नका. आधी एक महिना राहून पाहू द्या. मात्र तो सणासुदीचा, पाहुण्यांनी भरलेला महिना नको.

70 वर्षांवरील सर्वांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड दोघांचे काढून घ्या. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे हे संरक्षण देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर लागू होते, आईच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात नाही. ठाण्यात ठेवायचे ठरले, तर भावाशी आणि भावजयीशीही बोलताना ‘लक्ष ठेव’ असे मोघम सांगू नका. डॉक्टरकडे कोण नेणार, रात्रीचा फोन कोण उचलणार, पैसे कोण किती घालणार, हे मोकळेपणाने ठरवा. ठाण्याचे घर इतक्यात विकू नका.

प्रश्न : बदलीमुळे पुण्याचा फ्लॅट विकावा की भाड्याने द्यावा? आणि महाराष्ट्रात नोंदलेल्या गाडीचे काय?

उत्तर : पहिले वर्षभर तरी विकू नका. ताबा घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत फ्लॅट विकल्यास, जुन्या करप्रणालीत कर्जाच्या मुद्दलावर घेतलेली वजावट उत्पन्नात परत जोडली जाते. भाड्याने देताना भाडेकराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेता येते; त्याहून अधिक मागितल्यास लेखी हरकत घ्या.

दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची झाल्यास तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी इथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. नवी गाडी घेणार असाल आणि आपली कंपनी चार किंवा अधिक राज्यांत असेल, तर 2021 पासून सुरू झालेल्या बीएच (भारत) मालिकेच्या, राज्य बदलले तरी तोच चालणाऱ्या नोंदणी क्रमांकाचा विचार करा. त्या मालिकेत कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. जुन्या गाडीवर कर्ज असेल, तर बँकेची संमती आधी मागवा, कारण ती हाती आल्याशिवाय आरटीओतील अर्ज पुढे सरकत नाही.