एलएम३१७ वरून ४.५ ते ५.५ व्होल्ट हळूहळू बदलत सर्किट कसं तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की एलएम३१७ (आउटपुट व्होल्टेज बदलता येणारा रेग्युलेटर आयसी) ला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, २४० ओहम आणि ५ के पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) अशी जोडणी आहे, एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचा बोर्ड तपासायचाय, पण पॉटला जरा हात लागला की व्होल्टेज उडी मारतं.

ते उडी मारणारच. आउटपुट = १.२५ × (१ + आर२/आर१). आर१ म्हणजे आउटपुट आणि एडीजे (अ‍ॅडजस्ट) पाय यांच्यामधला रेझिस्टर, आर२ म्हणजे एडीजे ते ग्राउंड, तुमच्याकडे पॉट. आर१ २४० ओहम असताना १ व्होल्टच्या फरकाला १९२ ओहम लागतात. साधा पॉट जेमतेम २७० अंश फिरतो, म्हणजे तुमची ४.५ ते ५.५ ची सगळी रेंज १० अंशांत बसते. पुढे गेलात की १० व्होल्टच्या आसपास, आणि एटीमेगा ६ व्होल्टच्या वर वाचेल याची खात्री नाही.

म्हणून पॉटला तेवढं फिरायची मुभाच देऊ नका. आर१ १२० ओहम घ्या. आर२ च्या जागी ३०० ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने अनेक फेरे फिरणारा छोटा पॉट (मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत याच नावाने मागा). साधारण ४.४ ते ५.४ व्होल्ट मिळतील. ५.५ ही एटीमेगाची चालण्याची वरची मर्यादा आहे, त्यामुळे थोडं अलीकडे थांबलेलं मला बरं वाटतं. ३१७ चा १.२५ चा संदर्भ व्होल्टेज १.२० ते १.३० पर्यंत असू शकतो. तेव्हा बोर्ड जोडण्याआधी प्रीसेटची दोन्ही टोकं मीटरवर बघून घ्या. १२० ओहमचा दुसरा फायदा असा की त्यातून १० मिलिअँपिअर कायम वाहतात. ३१७ ला किमान तेवढा लोड हवा, नाहीतर बिनलोडचं आउटपुट वर चढतं.

प्रीसेटचा मधला पाय एका टोकाला जोडून टाका. मधला संपर्क सुटला तर आउटपुट ५.४ वर अडकेल, एवढंच. पण फक्त मधला पाय आणि एक टोक वापरून दुसरं टोक मोकळं ठेवलंत, तर तो संपर्क सुटताच एडीजे पायाचा ग्राउंडशी संबंध तुटतो आणि आउटपुट थेट इनपुटच्या जवळ जातं. अशाने बोर्ड जळू शकतो.

आर१ आयसीच्या पायालाच लावा, बोर्डाच्या टोकाला नको. ब्रेडबोर्ड आणि वायर मिळून ०.१ ओहम धरला, तर ३०० मिलिअँपिअरला ३० मिलिव्होल्ट पडतात. आर१ लांब असेल तर त्याचे चौपट, १२० होतात. उलट आर२ चं ग्राउंड मात्र बोर्डाच्या ग्राउंडला न्या. मीटरही बोर्डाच्या पायांवरच धरा.

उष्णतेचा हिशोब: (१२ − ५) × ०.३ = २.१ वॅट. हीटसिंक नसेल तर आयसी तापून स्वतःच बंद पडू शकेल आणि तुम्ही दोष बोर्डात शोधत बसाल. इनपुटला १० ओहम, ५ वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर घाला. तो ३ व्होल्ट खातो, ३१७ वर १.२ वॅटच उरतात. शिवाय बोर्डात शॉर्ट असेल तर करंट १.२ अँपिअरच्या आत राहतो (रेझिस्टर भाजेल, त्याच्या वासावरून कळेलच). त्याच्यानंतर, आयसीच्या जवळ १०० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, आउटपुटला २५ मायक्रोफॅरडचा. आयसीचा टॅब (मागची धातूची पट्टी) आतून आउटपुटला जोडलेला असतो. हीटसिंक ग्राउंडला लागत असेल तर अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच.

व्होल्टेज लावताना बोर्डाऐवजी १०० ओहम, अर्धा वॅटचा रेझिस्टर ठेवा. मग यूएसबी काढून बोर्ड जोडा आणि ०.१ च्या टप्प्याने खाली या. ब्राऊनआउट (व्होल्टेज कमी झालं की चिप आपोआप रिसेट करणारी सोय) ४.३ वर सेट असेल तर तो प्रत्यक्षात ४.१ ते ४.५ मध्ये कुठेही लागतो. तेव्हा ४.४ ला रिसेट झाला तर बोर्डाला नावं ठेवण्याआधी फ्यूज (चिपमधल्या सेटिंगचे बिट, वितळणारा फ्यूज नव्हे) बघा.