रोलरच्या शाफ्टमधली भेग : अहवालातला आकडा कसा वाचावा?

प्रश्न : मी एका साखर कारखान्याच्या मिल विभागात काम करतो. गळीत हंगामानंतर झालेल्या अल्ट्रासोनिक तपासणीत एका रोलरच्या शाफ्टमध्ये टोकापासून ६०० मिलिमीटरवर, शेल (शाफ्टवर घट्ट बसवलेले, ऊस पिळणारे जाड कवच) सुरू होतो तिथेच, १२ मिलिमीटर खोल भेग असल्याचा अहवाल आला आहे. शेल न काढता काढलेल्या या आकड्यावर किती विसंबावे? — एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : या दोन आकड्यांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही. अंतर मोजले जाते ते वेळेवरून. टोकाला ग्रीस लावून प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा आणि परत टिपणारा तुकडा) टेकवला, की पोलादात सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगाने जाणारा ध्वनी ६०० मिलिमीटरवरच्या भेगेवर आपटून साधारण २०३ मायक्रोसेकंदांत परत येतो. यात फारशी चूक होत नाही. मात्र शाफ्टचा व्यास जिथे बदलतो ती पायरीही असाच प्रतिध्वनी देते, म्हणून शाफ्टचे ड्रॉइंग शेजारी ठेवूनच यंत्राचा पडदा वाचावा. प्रोब टोकावर गोल फिरवताना पडद्यावरची प्रतिध्वनीची खूण सर्वत्र सारखी दिसली तर ती बहुधा पायरीची असते. एकाच बाजूला उठली तर भेगेचा संशय बळावतो.

खोलीचे तसे नाही. ती बहुतेक वेळा प्रतिध्वनीच्या उंचीवरून, कृत्रिम खाच पाडलेल्या नमुन्याशी तुलना करून ठरवतात. पण भेग तिरकी असेल, तिच्यात तेल शिरले असेल किंवा तिचे ओठ दाबाने मिटले असतील, तर खोल भेगही पडद्यावर लहान दिसते. ही उणीव ओळखूनच ब्रिटनमधील हार्वेल येथे मॉरिस सिल्क यांनी १९७०च्या दशकात भेगेच्या टोकाकडून विखुरणाऱ्या क्षीण लहरींची वेळ मोजण्याची पद्धत विकसित केली. तिच्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना प्रोब ठेवावे लागतात, आणि तुमच्याकडे एका बाजूला शेल आहे.

तेव्हा १२ मिलिमीटर हा अंदाज समजावा. बेअरिंग काढून जर्नलवरून (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोनी, म्हणजे तिरका ध्वनी सोडणाऱ्या, प्रोबने पुन्हा तपासणी करून घ्यावी, आणि संशयित बाजू एकदा वर, एकदा खाली ठेवून पाहावे, कारण दोन्ही टोकांवर टेकवलेल्या रोलरच्या वजनाने खालच्या बाजूची भेग किंचित उघडते. खूण पक्की ठरली तर तो शाफ्ट हंगामाला लावू नये. चालू मिलमध्ये शाफ्ट तुटला तर आधी कामगारांच्या जिवाला धोका असतो, आणि गाडीतळावर खोळंबलेल्या उसाचे वजन व साखर उतारा घटून शेतकऱ्याचेही नुकसान होते.