सोलापुरात घराजवळ फ्रेंचची शिकवणी नाही. नववीतल्या मुलीला फ्रेंचमध्ये चांगले गुण कसे मिळतील?

मुलीने रोज वीस मिनिटे पाठ्यपुस्तकातील उतारा मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केला आणि तोच दुसऱ्या दिवशी ऐकून लिहून काढला, तर शिकवणीवाचूनही तिला चांगले गुण मिळू शकतील. सोलापुरातील शालेय मुलांच्या फ्रेंचच्या वह्या मी अनेक वर्षे तपासत आलो आहे आणि त्यांत गुण जातात ते बहुधा उच्चारात न उमटणाऱ्या अक्षरांवर. ‘तो गेला’ म्हणजे ‘इल ए आले’ आणि ‘ती गेली’ म्हणजे ‘एल ए आले’. ‘आले’ कानाला सारखेच लागते, परंतु लिहिताना स्त्रीलिंगी रूपाच्या शेवटी आणखी एक ‘ई’ (e हे रोमन अक्षर) जोडावा लागतो. कर्त्याच्या लिंगानुसार क्रियापद बदलणे मराठी मुलांना नवे नाही, म्हणून हा नियम त्यांना लवकर उमगतो. नामांच्या लिंगाबाबत मात्र हीच सवय घात करते: चंद्र तिथे ‘ला ल्यून’, म्हणजे स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंग नसल्यामुळे पुस्तक ‘ल लिव्र’ असे पुल्लिंगी होते. त्यामुळे प्रत्येक नाम ‘ल’ किंवा ‘ला’सह पाठ करावे. वहीत उच्चार देवनागरीत लिहू नयेत (इथे मी नाइलाजाने लिहिले आहेत), कारण ‘ल्यून’मधील स्वरासाठी आपल्याकडे अक्षरच नाही. ऐकण्याच्या व शब्दसंग्रहाच्या सरावासाठी टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावरील ए१ (सर्वांत प्राथमिक) पातळीचे मोफत सराव उपयोगी आहेत. तोंडी परीक्षेचे गुण मात्र मंडळानुसार बदलतात. ते अधिक असल्यास लेखनापेक्षा संभाषणाला जास्त वेळ द्यावा, म्हणून गुणविभागणी आधी शिक्षकांना विचारून घ्यावी.