सांता आनाचा पाय खरंच लष्करी इतमामात पुरला होता का?

तुम्ही विचारलंय की मेक्सिकोच्या कुठल्याशा जनरलचा कापलेला पाय तोफांची सलामी देऊन पुरला आणि नंतर लोकांनीच तो उकरून काढला, हे खरं की थाप. दोन्ही खरं आहे. तो जनरल म्हणजे आंतोनियो लोपेझ दे सांता आना. पण पुरला तो एक पाय आणि आज अमेरिकेतल्या म्युझियममध्ये आहे तो दुसराच, तिथे लोकांचा नेहमी घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाय गेला तेव्हाची त्याची अवस्था बघा. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होतं आणि तिथे बंड झालं होतं. 1836 च्या एप्रिलमध्ये सॅन जसिंटोच्या लढाईत त्याच्या सैन्याचा धुव्वा उडाला, तो स्वतः पकडला गेला आणि टेक्सास हातातून गेलं. सुटून घरी आला तेव्हा देशात त्याला कोणी विचारत नव्हतं, व्हेराक्रूझजवळच्या मांगा दे क्लाव्हो या आपल्या जहागिरीत गप बसून होता. 1838 मध्ये फ्रान्सने मेक्सिकोकडे सहा लाख पेसोंची भरपाई मागितली. त्या मागणीत एका फ्रेंच बेकरीवाल्याचं दुकान लुटल्याची तक्रारही होती, म्हणून त्या भांडणाचं नावच पेस्ट्री वॉर पडलं. फ्रेंच आरमाराने बंदराची नाकेबंदी केली, किल्ल्यावर तोफा डागल्या, आणि 5 डिसेंबरला पहाटे त्यांचे लोक व्हेराक्रूझ शहरात शिरले. सांता आना थोडक्यात निसटला, आणि ते माघारी बोटींकडे निघाले तसा घोड्यावर बसून त्यांच्या मागे धावला. फ्रेंचांनी धक्क्यावर तोफ ठेवलेली होती, तिच्यातून छर्‍यांचा मारा झाला, घोडा जागीच मेला आणि याच्या डाव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदामेंदा झाला.

पाय कापावा लागला, आणि ऑपरेशन फार वाईट झालं. हाड नीट मागे न घेतल्यामुळे ते कातडीतून पुढे राहिलं आणि तो ठणका त्याला जन्मभर पुरला. तेव्हा क्लोरोफॉर्म, इथर काही नव्हतं हेही लक्षात घ्या. आपण मरणार असं समजून त्याने सरकारला एक लांबलचक पत्र लिहून घ्यायला लावलं, त्यात मागणी अशी की मुलांसाठी माझ्या मागे 'चांगला मेक्सिकन' एवढी एकच पदवी राहू द्या. पत्र नाटकी आहे असं बरेच इतिहासकार म्हणतात, असेलही, पण त्या हाडाच्या वेदना काही नाटक नव्हत्या, मला वाटतं हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. झालं असं की टेक्सासची नाचक्की एका फटक्यात धुऊन निघाली. देशासाठी पाय दिलेला माणूस, त्याला कोण काय बोलणार? थोड्याच दिवसांत तो परत सत्तेवर.

पाय आधी त्याच्या जहागिरीतच पुरला होता. 1842 मध्ये सांता आना राष्ट्राध्यक्ष असताना तो पाय उकरून मेक्सिको सिटीला आणला आणि 27 सप्टेंबरला सांता पाउला दफनभूमीत मोठ्या थाटात परत पुरला, मिरवणूक काय, भाषणं काय, कविता काय, वर स्मारक. एका अवयवाचा असा सरकारी अंत्यविधी मी तरी दुसरा वाचलेला नाही. माझ्या मते घात इथेच झाला, कारण जखम लोकांनी मनापासून मानली होती, तिचा सरकारी उत्सव झाला आणि दुसरीकडे कर वाढतच होते. 1844 च्या डिसेंबरमध्ये त्याचं सरकार कोसळलं तेव्हा चिडलेल्या जमावाने त्याचे पुतळे पाडले, ते थडगं फोडलं आणि पाय बाहेर काढून रस्त्यारस्त्यातून फरफटत नेला. त्या पायाची गोष्ट इथे संपते.

आता म्युझियमवाला. तो खोटा पाय आहे, बुचाचा, वरून चामडं चढवलेला. 1847 मध्ये अमेरिकेशी युद्ध चालू होतं आणि सांता आना परत सेनापती झाला होता. 18 एप्रिलला सेर्रो गोर्दोच्या लढाईत अमेरिकन फौजेने डोंगराच्या बाजूने वळसा घालून अशी अचानक धडक मारली की त्याला बग्गी तिथेच टाकून पळावं लागलं. इलिनॉय या अमेरिकन राज्याच्या चौथ्या रेजिमेंटच्या सैनिकांना त्या बग्गीत सोन्याची नाणी, जेवायला घेतलेली कोंबडी आणि हा जादाचा पाय सापडला, कोंबडी त्यांनी तिथेच खाल्ली, सोनं वर जमा केलं आणि पाय मात्र घरी नेला. पुढे पैसे घेऊन तो लोकांना दाखवत असत, आणि शेवटी तो राज्य सरकारकडे गेला. आज तो स्प्रिंगफील्डमधल्या इलिनॉय स्टेट मिलिटरी म्युझियमच्या ताब्यात आहे. मेक्सिकोने तो परत मागितलेला आहे आणि टेक्सासवाल्यांनाही तो हवा आहे, पण इलिनॉय सोडत नाही.

तुम्ही हे विचारलं नव्हतं, पण मला वाटतं तो मेक्सिकोला परत द्यायला हवा. झेंडा, तोफ, तलवार ही युद्धातली लूट म्हणून समजू शकतो. पण पाय गेलेल्या माणसाचा चालायचा आधार पावणेदोनशे वर्षं आपल्याकडे ठेवून मिरवायचा, हे मला पटत नाही, मग तो माणूस कितीही वाईट राज्यकर्ता असो, आणि सांता आना वाईट राज्यकर्ता होता यात मला शंका नाही.